‘कन्या १’ असं मी लिहिणार नाही

आत्या,

तुझ्या तेराव्याला माणसं जेवून, हात धुऊन निघाली, तेव्हा जवळजवळ प्रत्येकाने दाराशी मला एकच वाक्य ऐकवलं. ‘‘ती कुठे गेली आहे? तुमच्या रक्तातच आहे.’’ कोणी मराठीत म्हणालं, कोणी हिंदीत. मी मान हलवत उभा होतो. तुला माहीत आहे, समोरच्याला तोंडावर खोटं पाडणं मला जमत नाही. लिहितानाच काय ते जमतं. म्हणून आता लिहितो: तू माझ्या रक्तात नाहीस. कधीच नव्हतीस. तुला मूलबाळ नव्हतं, आणि मी तुझ्या भावाने दत्तक घेतलेला मुलगा. तुझ्या डीएनएचा एक तुकडाही माझ्यात नाही. तुझ्या जनुकांची जी मांडणी होती, ती देवासच्या स्मशानात जळून गेली आणि तशीच्या तशी पुन्हा कधी होणार नाही. हे तूच शिकवलं होतंस, तेव्हा तुझ्याच तेराव्याला मी उलट कसं बोलू?

माझ्यात तुझं पुष्कळ आहे. पण ते ज्या वाटेने आलं, ती वाट रक्ताची नाही. तिचं श्रेय मी रक्ताला देणार नाही, कोणी कितीही मायेने मागितलं तरी.

बापूकाकांनी त्याच दुपारी जे केलं आणि मी त्यांना जे उत्तर दिलं, ते तुला सांगायचं आहे. पण तिथे पोचायला मला वेळ लागेल. मी हळू लिहितो, हे तू अनेकदा ऐकवलं आहेस.

मुंजीपासून सुरू करतो. तुझे भाऊ, माझे अण्णा, निमाडातल्या डहीला शाळेत शिकवत होते, तेव्हा शेजारच्या मास्तरांचा मुलगा मी. त्या मास्तरांची आणि त्यांच्या बायकोची जीप घाटात उलटली आणि अण्णा-आई मला धारला घेऊन आले. मी चार वर्षांचा होतो आणि निमाडी बोलत होतो. सहा वर्षांनी मुंज ठरली. गुरुजींनी गोत्र विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, की दत्तकाला घेणाऱ्या बापाचं गोत्र लागतं. तेव्हा बापूकाका कोणाला तरी हळू म्हणाले, ‘‘गोत्र देता येतं हो. रक्त कुठून देणार?’’ मी पाटावर बसलो होतो, मला ऐकू आलं. तू मागे अक्षता घेऊन उभी होतीस, तुलाही आलं. तू तिथे काही बोलली नाहीस. फक्त मे महिन्यात मला बसने देवासला घेऊन गेलीस.

तू शिकवायचीस ते कॉलेज सुट्टीमुळे बंद होतं. प्रयोगशाळेच्या शिपायाला तू म्हणालीस, ‘‘भिया, एक घंटे का काम है, चाबी दे दो,’’ आणि त्याने दिली. तू काडीपेटीतल्या काडीच्या मागच्या टोकाने माझ्या गालाच्या आतून खरवडलंस, काचेवर पुसलंस, निळा रंग टाकलास आणि मला सूक्ष्मदर्शकापुढे स्टुलावर उभं केलंस.

‘‘मधे गडद ठिपका दिसतो? ते देवघर समज. घराच्या पोथ्या तिथे.’’

‘‘आणि बाकीचं?’’

‘‘बाकीचं घर. त्यात अजून काही जण राहतात, पण या यंत्रात ते दिसत नाहीत. मायटोकॉन्ड्रिया म्हणतात त्यांना. फार फार पूर्वी ते स्वतंत्र जिवाणू होते. एका पेशीने एकाला आत घेतलं आणि पचवलं नाही. राहू दिलं.’’

‘‘म्हणजे दत्तक?’’

‘‘तसंच म्हण. आणि तो नसेल तर आता तू जो श्वास घेतलास, त्याचा तुला काही उपयोग नाही. त्याच्याजवळ अजून त्याची स्वतःची लहानशी पोथी आहे. बाकीच्या पानांतली काही हरवली, काही घराच्या पोथीत शिवली गेली. आता कोणतं पान मूळ कोणाचं, ते शोधायला माझ्यासारख्यांना जन्म घालवावा लागतो.’’

मी विचार केला. ‘‘बापूकाकांच्या पेशीत पण असतो?’’

‘‘बापूच्या असतोच. आणि त्याला सांग, तो आईकडून आलेला असतो. बापाकडून नाही.’’

जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवू का, असं मी विचारलं. तू म्हणालीस, ‘‘नको ठेवूस. मोठा हो आणि तपास.’’ मी काही तपासलं नाही, भाषेकडे गेलो. पण त्या दिवसापासून मी या घरात कोणाच्या उपकारावर राहतो आहे, असं मला वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी आपण टेकडीच्या पायथ्यापासून बाजारापर्यंत चालत गेलो. रस्त्याचा हा भाग थोरल्या पातीचा होता, तो धाकट्या पातीचा, असं तू दाखवत होतीस. एकाच गावात दोन भावांची दोन संस्थानं, दोन दरबार, दोन कचेऱ्या. मला ते मूर्खपणाचं वाटलं. तू म्हणालीस, सजीवांमध्ये हा मूर्खपणा सारखा होत आलेला आहे. नक्कल करताना एखादं जनुक दोनदा उतरतं, कधी तर अख्खा संच दुप्पट होतो. मग एक प्रत नेहमीचं काम करत राहते आणि दुसरीला रिकामपण मिळतं. बहुतेक वेळा ती नुसती गंजते. क्वचित एखादी नवं काम शिकते. ‘‘तुला लाल आणि हिरवा वेगळे दिसतात ना? पूर्वी तिथे एकच जनुक होतं. त्याची दुसरी प्रत झाली आणि ती जराशी बिघडली, म्हणून.’’

‘‘मग देवासात नवं काय झालं?’’

‘‘इथे गंजच जास्त,’’ तू म्हणालीस, आणि मला बर्फाचा गोळा घेऊन दिलास.

तुला लोक गव्हाची बाई म्हणायचे. मालव्यातल्या शेतकऱ्यांच्या घरी बाफल्यांसाठी, म्हणजे उकडून भाजलेल्या बाट्यांसाठी, राखलेला जुना कठिया गहू तू तिरल्यापासून खाली नर्मदेपर्यंत हिंडून मूठमूठ जमवलास. निसरपूरकडची काही गावं धरणाच्या पाण्याखाली गेली, त्यांचा गहू तुझ्या लिफाफ्यांत होता. बियाणं टिपकागदावर भिजवायचं, मूळ फुटलं की त्याचं टोक कापायचं, उसाच्या रसाच्या गाडीवरून आणलेल्या बर्फात ते दिवसभर ठेवायचं, मग रंगवायचं, काचेखाली ठेवून अंगठ्याने दाबायचं. ‘‘दाब, पण सरकवू नकोस,’’ हे मी इतक्यांदा ऐकलं आहे, की अजून वाचनालयात पुस्तकावर शिक्का मारताना आठवतं. नीट दाबलं गेलं, की गुणसूत्रं पसरत आणि मोजता येत. कठियाची अठ्ठावीस. पोळीच्या गव्हाची बेचाळीस, कारण त्यात तीन वेगवेगळ्या गवतांचे संच एका घरात नांदतात. शेताच्या कडेला उगवणारं एक रानटी गवत केव्हातरी आत आलं आणि राहिलं. ज्याला आपण घरचा गहू म्हणतो, तो असा बाहेरच्यांनी झालेला. तू हे सांगायचीस तेव्हा तुझ्या आवाजात अभिमान नसायचा. एक प्रकारचा खोडकरपणा असायचा, जणू सगळ्या गावाचं एक गुपित तुझ्या हाती लागलं आहे.

आणि त्यातच मी ती चूक केली. एम.ए. होऊन मी रिकामा होतो आणि तू मला मोजणीच्या वह्या स्वच्छ उतरवून द्यायला बसवलंस. माझं अक्षर चांगलं, शुद्धलेखन पक्कं. एका पानावर तुझ्या घाईतल्या दोन चुका मी सुधारल्या, तू शाबासकी दिलीस. पुढच्या पानावर आकडे होते: अठ्ठावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, अठ्ठावीस. मी एकोणतीसचे अठ्ठावीस केले. विचारलं नाही. कठियाला अठ्ठावीस असतात, हे तूच शिकवलेलं होतं.

ते खरंच एकोणतीस होते. एका रोपात एक गुणसूत्र जास्त होतं. माझी प्रत पाहून तू त्याचं बी बाकीच्यात मिसळून पेरलंस. पुढच्या हंगामात मूळ वही उघडली, तेव्हा कळलं.

‘‘अरू, हे तू केलंस?’’

‘‘मला वाटलं, चुकून पडलं असेल.’’

‘‘तुला वाटलं.’’

एवढंच. त्या दिवाळीला तू धारला आली नाहीस. आलीस ती संक्रांतीला, आणि तिळगूळ हातावर ठेवून म्हणालीस, ‘‘पेशीतही तुझ्यासारखे मुद्रितशोधक असतात. नक्कल होताना चूक दिसली, की मागे येऊन दुरुस्त करतात. पण थोडं त्यांच्या हातून सुटतं. सुटलं म्हणून आपण आहोत. सगळेच तुझ्याइतके काटेकोर असते तर आपण अजून गाळात जिवाणू म्हणून बसलो असतो.’’ सगळे हसले. मीही हसलो. माफी मागायची ती तेव्हा, आणि मी हसून वेळ मारून नेली. तुला ते ठाऊक होतं. तू पुन्हा विषय काढला नाहीस, आणि मीही नाही. तीसेक वर्षं. आता मागतो. तुला ऐकू जाणार नाही, म्हणूनच बहुधा मागता येते आहे.

आपलं खरं भांडण मात्र वेगळंच होतं, आणि ते संपलेलं नाही. तू सांगायचीस की गव्हाचा जनुकसंच माणसाच्या कितीतरी पट मोठा आहे, आणि त्यात कामाची जनुकं अगदी थोडी. बाकी सगळी गर्दी: स्वतःचीच नक्कल करून इकडून तिकडे उड्या मारत पसरलेले तुकडे, मोडकी जनुकं, जुन्या विषाणूंचे अवशेष. ‘‘कोणी बोलावलं नाही, कोणी हाकललं नाही. आहेत.’’ मला ते सहन व्हायचं नाही. इतकं लिहिलेलं आणि अर्थ नाही, असं कसं? तू चिडायचीस. ‘‘तुला वाचायची सवय आहे, म्हणून तुला सगळं लिहिलेलंच वाटतं. हे कोणी लिहिलेलं नाही रे. हे साचलेलं आहे.’’ मी म्हणायचो, पण त्याच गर्दीतल्या एका विषाणूच्या जनुकावाचून आईच्या पोटात वार नीट धरत नाही, हे तूच सांगितलंस. मग तू जरा मागे सरकायचीस. ‘‘हो. काहीकाही लागतात कामाला. पण लागणार होते म्हणून आले नव्हते. आले होते, मग लागले. हा फरक तुझ्या डोक्यात शिरेल त्या दिवशी मी रिटायर होईन.’’ तू रिटायर झालीस तरी तो शिरला नव्हता. अजूनही अर्धाच शिरला आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी मी कोणाशी भांडू?

एक गोष्ट मात्र मी विनातक्रार मान्य केली. मी मोडी शिकलो, जुनं मराठी वाचू लागलो, तेव्हा घरात सगळ्यांना गंमत वाटली. दिल्लीची हिंदी बोलणारी आपल्या घरातली रक्ताची मुलं मराठी जेमतेम अक्षर लावून वाचतात आणि डहीचा निमाडी पोरगा पेशव्यांच्या काळची पत्रं वाचतो. तू म्हणालीस, ‘‘त्यात काय? जिवाणू फक्त पोरांनाच जनुकं देत नाहीत, शेजारच्यालाही देतात. उभा वारसा असतो तसा आडवाही असतो. तुला मराठी आडवी मिळाली.’’

या मोडीमुळेच मी बापूकाकांच्या कुलवृत्तांतात सापडलो. तुझे धाकटे भाऊ वीस वर्षं ते पुस्तक करताहेत. आपला मूळ पुरुष फौजेबरोबर मालव्यात आला, दरबारात कारकुनी मिळाली, तिथपासून आजपर्यंत. कागद वाचायला मी, मुद्रितं तपासायला मी. प्रत्येक पुरुषाला एक क्रमांक, मग नाव, शिक्षण, पत्नी, मुलगे त्यांच्या क्रमांकांसह, आणि शेवटी ‘कन्या २’ किंवा ‘कन्या ३’. माझ्याही नावाला क्रमांक आहे. त्याच्यापुढे बारीक टाइपात ‘द.’ आहे, दत्तकाचा. म्हणजे ज्याच्यात या कुळाचं काही नाही, तो पुस्तकात क्रमांकासह बसला, आणि जिच्यात होतं, ती एक आकडा झाली.

तुला त्या पुस्तकाची थट्टा करायला आवडायचं. ‘‘बापू, दहा पिढ्या मागे जा. एक हजार चोवीस जागा होतात. त्यातला एक घोड्यावरून आला, त्याचं नाव तुझ्याकडे आहे. बाकीचे एक हजार तेवीस काय पायी आले?’’

‘‘माई, विज्ञान निराळं आणि घराणं निराळं.’’

‘‘विज्ञानच सांगते. तुझं पुस्तक चालतं ते बापाकडून मुलाला जाणाऱ्या एका गुणसूत्राच्या मागे. वाय. झिजत झिजत एवढंसं उरलंय ते. जुन्या जनुकांतली बहुतेक केव्हाच गळाली. त्याच्यावर तू घराण्याचा वाडा बांधतोस.’’

काका हसायचे, पण कान लाल व्हायचे.

मी तुला शेवटचा भेटलो तो तुझ्या स्वयंपाकघरात. तू स्वेटर घालून ताटात गहू निवडत होतीस. मी म्हणालो, या वेळी मुद्रितात मी तुझं नाव घालणार आहे. तू खडा काढून बाजूला ठेवलास. ‘‘मला नको त्यात. झाडाची एक काडी मोडायची आणि तिलाच झाड म्हणायचं, असलं पुस्तक ते. माझं नाव घातल्याने ते बरोबर होत नाही. उलट जरा बरं दिसायला लागतं, ते आणखी वाईट.’’

‘‘मी घालणार.’’

‘‘तू? बापूसमोर?’’ तू हसलीस. वाईट नाही हसलीस, पण हसलीस. ‘‘चहा टाक.’’

मी चहा टाकला. आपण महागाईबद्दल बोललो. नऊ दिवसांनी तू गेलीस.

आता तेराव्याची दुपार. पंगती उठल्या होत्या, बापूकाका सतरंजीवर बसले होते. सकाळी पिंडाच्या वेळी ते लहान मुलासारखे रडले होते, हे तुला सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं वाचून तू त्यांच्यावर अन्याय करशील. त्यांनी पिशवीतून मुद्रितांचा गठ्ठा काढला. ‘‘अरविंदा, एवढं एकदा नजरेखालून घाल. अक्षय्य तृतीयेच्या आत छापून येऊ दे.’’ बरोबर लाल पेन पण आणलं होतं.

मी अण्णांचं पान उघडलं. वर आजोबा, खाली अण्णा, खाली बापूकाका, आणि मग ‘कन्या १’. मी ते खोडलं आणि तिथे ‘नलिनी’ लिहिलं. पुढे तुझं शिक्षण, तुझं काम.

‘‘हे काय?’’

‘‘आत्याचं नाव.’’

‘‘मुलीचं नाव सासरच्या कुलवृत्तांतात येतं. नियम आहे.’’

‘‘ती सासरी गेली नाही.’’

‘‘तो तिचा निर्णय.’’

‘‘मग ती कोणत्या पुस्तकात येईल, काका?’’

त्यांनी ‘नलिनी’वर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘‘येत नाही कोणत्याच. असं असतं काही जणींचं. मी काय वैरी आहे तिचा? आई गेल्यावर तिच्या हातचं जेवून मोठा झालो मी. पण पुस्तक म्हणजे पुस्तक. एकीसाठी मोडलं, की सगळ्यांसाठी मोडावं लागतं.’’

‘‘मोडा.’’

माझा आवाज मोठा नव्हता. काकांनी चष्मा वर केला. ‘‘तू यात बोलू नकोस. तुझा क्रमांक आहे ना त्यात? द. लावून का होईना, आहे ना?’’

आत्या, मला वाटलं होतं की हे ऐकलं की मी दहा वर्षांचा होईन. झालो नाही. मला एकदम ते एकोणतीस आठवले, ज्यांचे मी विचारल्याशिवाय अठ्ठावीस केले होते. आणि मला कळलं, की काका आज माझ्याकडून तेच काम करून घेताहेत. नियमात न बसणारी एक ओळ पुन्हा नियमात बसवून द्यायची. माझ्या स्वच्छ अक्षरात.

मी तीन पानं पुढे गेलो. माझी ओळ काढली आणि खोडली. क्रमांक, नाव, द., बायकोचं नाव, मुलाचं नाव.

‘‘ती नाही, तर मीही नाही,’’ मी म्हणालो.

मुलाला मी विचारलं नव्हतं. संध्याकाळी पुण्याला फोन केला तेव्हा म्हणाला, ‘‘बाबा, मला तर ते वाचताच येत नव्हतं. काढलं तर काढलं.’’

काका त्या लाल रेघेकडे बघत राहिले. ‘‘अजून दोन रुमाल कागद मोडीत आहेत,’’ कापडात बांधलेल्या जुन्या गठ्ठ्यांबद्दल ते म्हणाले. ‘‘ते कोण वाचणार?’’ त्यात धमकी नव्हती. म्हातारा माणूस खरंच विचारत होता.

तेवढ्यात त्यांची नात रेवा, इंदूरला कॉलेजात आहे ती, पत्रावळी गोळा करता करता वाकली. ‘‘आजोबा, इसमें मैं कहाँ हूँ?’’

‘‘ही काय. तुझ्या बाबांच्या खाली.’’ त्यांनी पान उलटून बोट ठेवलं.

ती अक्षरं जुळवत वाचू लागली. ‘‘क... न्या... एक. ये मैं हूँ?’’

‘‘हो.’’

‘‘ये तो कोई भी हो सकती है.’’

तिने तक्रार केली नव्हती. जे दिसलं ते म्हणाली आणि पत्रावळी घेऊन आत गेली. काकांनी गठ्ठा पिशवीत परत घातला नाही. चष्मा काढून खिशात ठेवला, कोणाला तरी हात मागितला, उठले आणि रिक्षा बोलावून गेले. मुद्रितं सतरंजीवर राहिली.

ती आता माझ्या टेबलावर आहेत. कॉलेजला सुट्टी आहे, म्हणून रेवा रोज दुपारी येते. आम्ही ‘कन्या’ शोधतो आहोत. तुला वाटतं तितकं ते सोपं नाही. लग्नात नाव बदलायची आपली रीत, म्हणून एकेका बाईची दोन नावं, आणि माहेरचं बहुधा कुठेच टिपलेलं नाही. ते सापडतं एखाद्या पत्राच्या शेवटी, ‘चि. अमुकीस आशीर्वाद’ एवढ्यात. बारशाच्या आमंत्रणात. देवळाला दिलेल्या समईच्या कागदात. एका कागदात एका बापाने दुसऱ्या गावच्या वैद्याला लिहिलं आहे, की मुलीचा ताप उतरत नाही, नाव गंगू, वय पाच, त्वरेने यावे. त्या गंगूचं पुढे काय झालं, ते कुठेही नाही. रेवाने तिचं नाव लिहिलं, आणि पुढे ‘वय पाच’ एवढंच. जिचं नाव सापडत नाही, तिच्यासाठी आम्ही मोकळी ओळ सोडतो. आकडा लिहीत नाही. रेवा माझ्याकडून मोडी शिकते आहे. तिचं ‘ल’ आणि ‘ळ’ अजून एकच आहे, आणि मला ते सुधारायची घाई नाही.

या सगळ्याने तू परत येणार नाहीस. तू नावात उरत नाहीस, रक्तात उरत नाहीस, आणि माणसं म्हणतात तशी वर कुठे बसून बघतही नाहीस. रविवारी सकाळी देवासची बस दिसली की मी अजून पिशवी शोधतो, आणि मग मला राग येतो. त्या रागाची समजूत घालायला येणाऱ्या कोणालाही मी बसायला सांगत नाही. नसलीस तर नाहीस. त्याला गोड नाव द्यायला मी तयार नाही. एवढी मोठी गर्दी, अब्जावधी वर्षांची, काही उपयोगाची, काही नुसती साचलेली, आणि तिच्यातून एकदाच, एका गावात, एक बाई होते, जी एका परक्या पोराला स्टुलावर उभं करते. ते होणार होतं म्हणून झालं नाही. झालं. तुझा फरक आज माझ्या डोक्यात शिरला असेल, तर तो असा.

काल बापूकाकांचा फोन आला. तब्येत विचारली, पाऊसपाण्याचं बोलले. मग म्हणाले, ‘‘तिच्या नावाआधी डॉक्टर लाव. ती स्वतः कधी लावायची नाही. राहून जाईल.’’ आणि फोन ठेवला. माझ्या खोडलेल्या ओळीबद्दल ते काही बोलले नाहीत. दोन रुमाल कागद मात्र आज सकाळी एका रिक्षावाल्याच्या हाती घरी आले.

तेव्हा आता तुझ्या-माझ्यात काय ते उरलं. तू नको म्हणाली होतीस. तुझं कारण मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. पुस्तक चुकीचं आहे, आणि एवढ्या सगळ्या बायकांची नावं घालूनही ते पूर्ण बरोबर होणार नाही. तरी मी तुझं नाव घालतो आहे, डॉक्टर लावून, पूर्ण ओळीत. पटत नसेल तर ये, आणि खोड.